गार पाण्याचा हेवा

थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो, मला माझ्या बहिणीचा हेवा वाटायला लागतो. तसा तो बारा महिने असतोच. पण मार्गशीर्ष लागला, सकाळी उसाच्या पाचटावर दव दिसायला लागलं, गुऱ्हाळांचा धूर वर न जाता रानातच रेंगाळायला लागला, की तो पुन्हा ताजा होतो. थंडीत कुणाचे सांधे धरतात, कुणाला खोकला लागतो. माझं हे असं. यावर शेक चालत नाही आणि चारचौघांत सांगताही येत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

माझी धाकटी बहीण वैशाली नॉर्वेत राहते आणि तिथल्या गार समुद्रात बुड्या मारते. पाय घसरून नव्हे, हौसेनं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, अंगात पाण्याचा थेंब शिरू न देणारा जाड सूट आणि त्याच्या आत लोकरीचे कपडे. हे लोकरीचं तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला हसूही आलं आणि रागही आला. आमचे आजोबा मेंढरं राखायचे. आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या लोकर कातरली, घोंगडी पांघरून रानात रात्री काढल्या, आणि ती लोकर अंगात घालून माशांच्या भेटीला गेली कोण, तर वैशी. धुणं धुताना पाणी घोट्याच्या वर आलं तर जिला घाम फुटायचा, ती. तिकडं एका मैत्रिणीच्या नादानं ती आधी तलावात पोहायला शिकली, मग समुद्रात उतरली.

मी राहूला असते. माहेर वडगाव रासाई. मधे भीमा आणि दोन्ही काठांची उसाची रानं, एवढंच अंतर. माझं लग्न ठरलं तेव्हा भावकी म्हणाली, पोरगी हाकेच्या अंतरावर दिली, बरं झालं. वैशीचा नवरा कंपनीतर्फे तिकडं गेला, पाठोपाठ ती गेली, तिथली भाषा शिकली, एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. मला त्याचा कधी हेवा वाटला नाही. तिचं घर, गाडी, खिडकीतून दिसणारा बर्फ, काही काही नाही. आमचं स्वतःचं गुऱ्हाळ आहे, माणसं आहेत, माझं मी मजेत असते. पण पहिल्यांदा तिचा पाण्याखालचा व्हिडिओ आला आणि मी तो लागोपाठ तीनदा बघितला. म्हटलं, हे माझं होतं. हे चुकून तिच्या पत्त्यावर गेलंय.

दुपारी मी गुऱ्हाळावर बसते. समोर रसाची काहील रटरटत असते, खालच्या चुलाणात उसाची चिपाडं ढकलायचं काम चालू असतं, रसावर मळी येते, ती काढली जाते, आणि उसाच्या त्या गोड वाफेत माझ्या फोनवर बर्फाचं पाणी येऊन पडतं. गरम तिथं गार बघायचं, हे एक वेगळंच छळणं आहे. आमचा गूळ करणारा गुळव्या रामधनी, उत्तर प्रदेशातून दर हंगामाला येणारा, तोही मधूनमधून वाकून बघतो. एकदा म्हणाला, "भाभी, इतने ठंडे पानी में आदमी जाता ही क्यों है?" मी म्हटलं, डोकं फिरलेलं असतं म्हणून. माझंही तेवढंच फिरलेलं आहे, हे त्याला काय सांगायचं?

गार पाण्यात बघण्यासारखं काय असणार, असं मलाही आधी वाटायचं. टीव्हीवर दिसतात ते समुद्र कोमट, निळे, रंगीबेरंगी माशांचे. वैशीला ते आवडत नाहीत. ती म्हणते, "ताई, गार पाणी निवळ आसतं गं. लांबचं दिसतं." आइसलँडला ती गेली होती. तिथं जमिनीला एक भेग पडली आहे, अमेरिकेची बाजू आणि युरोपची बाजू एकमेकींपासून सरकते आहे, आणि त्या भेगेत बर्फ वितळून, दगडातून वर्षानुवर्षं झिरपून आलेलं पाणी भरलं आहे. व्हिडिओत ती त्या भेगेत तरंगत होती, पण पाणी दिसतच नव्हतं. वाटत होतं, कुणी तिला हवेतच सोडून दिलं आहे. मी उत्तर पाठवलं, "आमच्याकडं दोन भावांच्या वाटणीत पडलेली भेग याच्यापेक्षा मोठी आहे, बघायला ये." ती हसली. मी हसले नव्हते.

तिच्या नॉर्वेच्या किनाऱ्याला पाण्याखाली वनस्पतींचं जंगल आहे. लांब, तपकिरी, चामड्यासारखी पानं, माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच. "ताई, आपला उसाचा फड बघ, निस्ता वाऱ्याऐवजी पान्यानं हालतोय," ती म्हणाली. एवढी वर्षं तिकडं काढूनही माझ्याशी बोलताना ती वडगावचीच होते. स्कॉटलंडच्या वरच्या बेटांपाशी पहिल्या महायुद्धातली जर्मन जहाजं तळाशी पडली आहेत, त्यांच्याच खलाशांनी बुडवलेली. त्यांच्या तोफांवर आता शेवाळ आहे आणि तिथलं पाणी मात्र इतकं करडं आहे की जहाज हाताला लागेपर्यंत दिसत नाही. तिथंही ती जाऊन आली. आणि जिथं अजून गेलेली नाही तिथले दुसऱ्यांचे व्हिडिओ पाठवते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर खाटेएवढा ऑक्टोपस आहे, तो माणसाचा हात हळूच धरून ठेवतो. टास्मानियाला एक मासा आहे, तो स्वतःच शेवाळाचे कपडे घालून हिंडतो. सैबेरियात बैकाल म्हणून सरोवर आहे, तिथं हिवाळ्यात बर्फाला चौकोनी भोक पाडून, कमरेला दोर बांधून खाली सोडतात, आणि खालून बघितलं की बर्फ म्हणजे दिवे लावलेलं छत वाटतं. "पुढच्या वर्षी," असं खाली लिहून ती हे पाठवते. ती न गेलेल्या जागांचासुद्धा मी हेवा करते. माझ्यासारखी हिशेबात पक्की बाई शोधून सापडणार नाही.

कारण पाण्यातली मी होते. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडं मुलींना पोहायला शिकवायचेच, कारण पूर्वी मेंढरं नदीपार न्यायची तर बाईमाणसाला पाण्याची भीती असून चालायचं नाही. मेंढरं गेली, शेती आली, पण ही रीत राहिली. शिकवायची तानूआत्या, वडिलांची थोरली बहीण. शिकवायचा हंगाम ठरलेला, हिवाळा. उन्हाळ्यात विहिरीला पाणी नसतं, पावसाळ्यात ते गढूळ, आणि हिवाळ्यात ते पायरीपायरीनं वरपर्यंत आलेलं, निवळ, संथ. सकाळी अंगावर काटा यायचा अशी थंडी असायची, आणि विहिरीतून वाफ निघत असायची. बाहेरच्या हवेपेक्षा पाणीच उबदार. पहिला पाय टाकताना जीव नको म्हणायचा, आणि गळ्यापर्यंत गेलं की बाहेर यायला नको म्हणायचा.

मी शिकले त्या हिवाळ्याचं मला सगळं आठवतं. तरंगायला पाठीला बांधलेला वाळका भोपळा आणि त्याची काचणारी दोरी. कडेच्या दगडांत घरटी केलेली पारव्यांची जोडी, आमच्या आरडाओरड्यानं उडून जायची. आत्या नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून पाण्यात उभी, तिचे केस ओले, दात शुभ्र. पाण्याला विहिरीच्या खडकाचा वास. वर आई उभी, एका हातात टॉवेल, दुसऱ्या हातात गोड्या तेलाची वाटी. पाण्यात उतरण्याआधी आमच्या कानात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा घालायचं काम तिचं. बोळा पिळून पिळून घट्ट करायची, करंगळीनं आत दाबायची आणि विचारायची, "आता ऐकू येतंय का?" आम्ही नाही म्हटलं की समाधान पावायची. कानात पाणी जायला नको, एवढंच तिला कळत होतं आणि ते ती जिवापाड करत होती. वैशीला त्या बोळ्यानं गुदगुल्या व्हायच्या. ती पायरीवर बसून रडत राहायची आणि आईची पाठ वळली की दोन्ही बोळे काढून फेकायची. पाण्यात उतरायचीच नाही, तर बोळे हवेत कशाला!

माझा भोपळा लवकर सुटला. मग आत्यानं तळाला जायला शिकवलं. सूर मारायचा, डोळे उघडे ठेवायचे, पाय मारत खाली जायचं, तळातली मूठभर माती आणायची आणि वर येऊन ती आत्याच्या हातावर ठेवायची. माती आणली म्हणजे गेली, नाही आणली म्हणजे अर्ध्यातून परतली. पहिले काही दिवस मी अर्ध्यातूनच परतत होते, कारण कान दुखायचा. नुसता दुखायचा नाही, उजव्या कानात कुणीतरी सुई फिरवतंय असं वाटायचं. आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "दुखायचंच. हिर तुला वळखत न्हाई अजून. दुखलं तर आजून खाली जायचं. मग कानात टच् व्हतं आन् दुखायचं थांबतं. तवा समजायचं, हिरीनं वळखलं."

आणि तसंच झालं. एका सकाळी मी दात आवळून खाली गेले, दुखणं डोक्यापर्यंत चढलं, आणि मग कानात टच् झालं. दुखणं एकदम गेलं. कानात ऊब पसरली. क्षणभर सगळी विहीर माझ्याभोवती फिरल्यासारखी झाली, मग थांबली. मी हात खुपसून माती घेतली आणि वर आले. आत्यानं माझ्या हातातली माती सगळ्यांना दाखवली. वर आल्यावर आईनं बोळा काढला तर त्यावर लालसर डाग होता. आई म्हणाली, तेलाचा असेल. त्या दिवशी घरात माझ्यासाठी गुळाच्या पोळ्या झाल्या, आणि वैशी कोपऱ्यात बसून माझ्याकडं बघत होती. तिचं ते बघणं मला किती गोड लागलं होतं म्हणून सांगू! हेवा तेव्हा तिच्याकडं होता. मला त्याची चव फार नंतर कळली.

त्या हिवाळ्यात मी रोज तळाला गेले. कान वाहायचा, आई तेल टाकायची, पुन्हा बोळा, पुन्हा विहीर. दोन्ही काठांच्या गावांत माझं नाव झालं. कुणाची कळशी पडली, कुणाची पाटली पडली, की मला बोलावणं. लग्न होऊन राहूला आले आणि सगळं थांबलं. सासरच्या विहिरीत सुनेनं उडी मारायची नसते, मारली तर लोक पोलिसांना बोलावतात. मी स्वतःला समजावलं की सगळं वय-वयाचं असतं. उजव्या कानानं कमी ऐकू येतं, हेही वयावरच घातलं. घरात हे नेमके उजव्या बाजूनं बोलतात आणि मी उत्तर दिलं नाही की रुसले समजतात. एकदा तर त्यांनी न विचारता नवी साडी आणली. मी रुसलेच नव्हते, हे काही मी सांगितलं नाही.

यंदाच्या दिवाळीत वैशीचा फोन आला. "ताई, या थंडीत तू हिकडं ये. म्या समदं बघितलंय. आदी तलावात शिकवत्यात, मग किनाऱ्यावर. तुझ्यासंगं पान्यात जायाचंय मला. तू खाली जाशील तर तिथल्या मास्तरचं डोळं फिरतील."

मी नको नको म्हटलं. म्हणजे तीन वेळा म्हटलं, चौथ्यांदा तिनं विचारायची वाट बघितली, आणि हो म्हणून टाकलं. त्यानंतरचे दिवस मी जमिनीवर नव्हते. पासपोर्ट होताच, तिच्या बाळंतपणाच्या वेळी काढलेला. मी सकाळी उसाच्या बांधावरून तरातरा चालायला लागले. गुऱ्हाळावर बसून श्वास रोखायचा सराव करायला लागले. काहिलीत फेस वर चढायला लागला की श्वास घ्यायचा आणि तो खाली बसेपर्यंत धरून ठेवायचा. रामधनीनं एकदा घाबरून पाण्याचा तांब्या आणून दिला, "भाभी, तबीयत ठीक है ना?" यांनी नुसती मान हलवली. म्हणाले, "जा बाई एकदाची. निदान फोन बघून उसासं टाकायचं तरी थांबतील." मनात मी नॉर्वेच्या त्या तपकिरी जंगलात कधीच उतरले होते. वैशी मागं, मी पुढं. खरं सांगायचं तर माझ्या त्या चित्रात वैशी बरीच मागं होती.

मग ती म्हणाली, "निघायच्या आदी कान तेवढं दाखव गं डॉक्टरला. हिथं पैला प्रश्न कानाचाच आसतो."

शिरूरला कान-नाक-घशाचे एक डॉक्टर आहेत, एसटी डेपोपासून चालत जाण्यासारखे. घरी सांगितलं बाजाराला जाते. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. दिवा लावून आत बघितलं, मग यंत्रातून बघितलं, मग पडद्यावर मला दाखवलं. उजव्या कानाच्या पडद्याला भोक होतं. जुनं.

"लहानपणी मार लागला होता का?"

"नाही."

"पोहायचात?"

"खूप. तळाला जायचे." मी हे जरा ताठ मानेनंच सांगितलं.

"कानात काही घालून?"

"तेलाचा बोळा."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, बोळ्यानं पाणी अडत नाही, हवा कोंडते. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो, नाक दाबून हळूच फुंकर मारून कान आतून मोकळा करावा लागतो, नाहीतर पडदा ताणतो, ताणतो आणि फाटतो. "फाटताना आवाज येतो. आणि मग दुखणं एकदम थांबतं. म्हणून लोकांना वाटतं, आता जमलं."

ते पुढं सांगत होते, की ऑपरेशन करून पडदा बसवता येईल, ऐकायला बरं येईल. "पण खोल पाण्याचं नाव काढू नका, ताई. त्यातून थंड पाण्याचं तर नकोच. भोकातून थंड पाणी आत गेलं की डोकं गरगरतं. वर कुठं आणि खाली कुठं तेच कळत नाही. विहिरीचं पाणी कोमट होतं म्हणून तुम्ही निभावलात." बाहेर आले. डेपोवर उसाच्या रसाचा गाडा होता, त्याच्या घुंगरांचा आवाज मला डाव्या कानानं ऐकू आला. मला त्या गाडेवाल्याचासुद्धा राग आला.

राहूला न जाता वडगावला उतरले. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. आता तिला दिसतं कमी, पण माझी चाल ओळखते. शिरूरहून आले, एवढंच मी सांगितलं. "शिरूरला कशापायी गेल्तीस?" तिनं विचारलं.

"कान दाखवाया."

"मग मला सांगायचं न्हाई व्हय? थांब, लसूण घालून त्याल तापवते."

"त्याल टाकू नगं म्हणलंय डॉक्टरनं."

"त्याला काय कळतंय! तुझ्या कानात म्या कवा पानी जाऊ दिलं न्हाई. वैशी टाकून द्यायची, पर तू शानी. बोळा आसा घट्ट पिळायचे बग, आठवतंय का?" आणि तिनं शेंगांच्या टरफलातच अंगठा आणि बोट फिरवून मला बोळा पिळून दाखवला.

म्हटलं, व्हय आई, आठवतंय. दुसरं काय म्हणणार होते? विहिरीकडं मी गेले नाही. तिला आता लोखंडी जाळी बसवली आहे, उसात बिबटे फार झालेत, कुणाच्या ना कुणाच्या विहिरीत पडतात. जाळी नसती तरीही मी त्या दिवशी गेले नसते.

संध्याकाळी वैशीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं डॉक्टरचं बोलणं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "ताई, मला पैल्या दिवशीच मास्तरनं सांगितलं व्हतं, कान दुखायच्या आदीच मोकळा करायचा. आन् तरी दुखला तर थांबायचं. वर यायचं. कुनी काय म्हनत न्हाई."

तोवर मला वाटत होतं की मी आइसलँडचा हेवा करते, बैकालचा करते. त्या वाक्यानं मला कळलं की माझा खरा हेवा याचा आहे. कुणीतरी तिला सांगितलं की दुखलं तर वर ये. माझ्याभोवती इतकी माया करणारी माणसं उभी होती, आणि सगळी मला आणखी खाली जा म्हणत होती, आणि मी जात होते, आणि वर आल्यावर पोळ्या खात होते. भित्र्या पोरीचे दोन्ही पडदे शाबूत राहिले आणि शूर पोरीचा फाटला. यात कुणाला दोष द्यायचा? आत्याला तिच्या आत्यानं तेच शिकवलं असणार. दोष नाही म्हणूनच हेवा जास्त जळतो. रागाला निदान जायला एक जागा असते.

त्यानंतर वैशीचे व्हिडिओ बंद झाले. मी पहिल्यांदा लक्ष दिलं नाही. मग ती पावाचे फोटो पाठवायला लागली. घरी केलेला पाव, शेजारणीनं केलेला पाव, बर्फात उभी तिची पोरं, खिडकीतलं मांजर. मी एकदा विचारलं, समुद्रावर गेली नाहीस का? म्हणाली, वेळ नाही झाला. दुसऱ्यांदा विचारलं, म्हणाली, हवा खराब आहे. मला कळायचं ते कळलं. तिला माझी दया आली होती.

दुपारी गुऱ्हाळावर बसायचे आणि हातात फोन असूनही बघायला काही नसायचं. काहील रटरटत असायची, गूळ साच्यात पडत असायचा, ढेपा निघत असायच्या. सगळं जागच्या जागी होतं आणि मला करमत नव्हतं. हे एकदा म्हणाले, "बहिणीचं काय येत न्हाई का आता? तुझा चेहरा पडलाय." मी म्हटलं, उलट बरं आहे, शांतता आहे. पण शांतता नव्हती ती. इतकी वर्षं रोज दुपारी मला जो हेवा वाटत होता, त्याच्या जोरावर मी त्या पाण्यात जात होते. व्हिडिओ बघताना मी कधीच वैशीला बघत नव्हते. तिच्या जागी मीच असायचे, चिडलेली, दात आवळलेली, तिच्यापेक्षा चांगले पाय मारणारी. तिनं मायेनं तेवढंही दार लावून घेतलं होतं. पाणी एकदा कानानं गेलं होतं, आता दुसऱ्यांदा दयेनं चाललं होतं.

काल दुपारी मी तिला फोन लावला. तिकडं सकाळ होती. म्हटलं, "खरं सांग. कवापास्नं गेली न्हाईस पान्यात?"

"तुझा फोन आला तवापास्नं." मग तिचा आवाज बदलला. "न्हाई जाववत गं ताई. खाली गेलं की तुझा कान आठवतो. तुझं व्हतं ते समदं. म्या फुकटचं घेतलं."

"मग मी काय करू? तू वर बसलीस म्हणून माझा पडदा शिवला जातोय का?"

"तुला वाईट वाटतं ना पर."

"वाटतं," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की रामधनीनं चुलाणापासून मान वर केली. "लई वाईट वाटतं. तुझा एक-एक व्हिडिओ बघून माझा जीव जळतो. तू मेलीस तर बरं, आसंसुदिक वाटून गेलंय मला एक-दोनदा. पर ते माझं हाय, वैशे. त्यातलं तू काय कमी करायचं न्हाईस. पानी तर गेलंच, आता हेवा बी करू द्यायची न्हाईस व्हय? माझी कीव करायचा हक दिला कुनी तुला?"

ती रडायला लागली. मीही लागले. मग मी नाक पुसलं आणि म्हटलं, "आज जा. आत्ता. तुझी ती मैत्रीण हाय न्हवं संगं जायाला? तिला उठव. फोन बंद करायचा न्हाई. काठावर ठेव, मी हिथं बसते."

तिनं नाही म्हणून बघितलं, पण थोरलीपुढं तिचं चालत नाही. गाडीत घातलेलं सामान मला ऐकू येत होतं, दारं लावल्याचा आवाज, दोघींचं त्या परक्या भाषेतलं बोलणं. मग वारा. चेन ओढल्याचा आवाज, टाकी उचलताना तिचं कण्हणं. "ताई, फोन दगडावर ठिवलाय. पिशवीत गुंडाळलाय. जाते." पाण्यात पावलं पडली, आणखी पडली, आणि बंद झाली.

मग नुसता समुद्र. लाट येत होती, खडे घासत परत जात होती. इकडं चुलाणात चिपाडं तडतडत होती. मी फोन डाव्या कानाला घट्ट धरून बसले होते आणि तो सगळा जुना हेवा पुन्हा पेटला होता. ती आत्ता पाण्याखालच्या त्या फडात शिरली असेल. तिनं नाक दाबून फुंकर मारली असेल. तिचा कान मोकळा झाला असेल. मला इतकं जळताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. यांनी लांबून हातानं विचारलं, काय झालं? मी हातानंच सांगितलं, गप्प बसा, पाण्यात आहे.

बऱ्याच वेळानं लांबून हसणं ऐकू आलं, मग खडे वाजले, मग पिशवीची खुडबूड. तिला धाप लागली होती, दात वाजत होते.

"ताई? हायस का?"

"हाय."

"सांगू?"

"सांग. आन् आधी मला सगळ्यात वाईट वाटंल ते सांग."